आठ खणांची पेटी

भागूबाई हे काही तिचं खरं नाव नाही. पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण ते शाळेच्या दाखल्यावर आणि सरकारी ओळखपत्रावरच उरलं. लहानपणी दादा तिला "भित्री भागूबाई" म्हणून चिडवायचा. पुढे त्यातलं भित्री गळून पडलं आणि भागूबाई तेवढी चिकटली. नाव शोभायचंही. दाराला कुलूप लावलं की ती तीनदा ओढून बघायची, चार पावलं जाऊन परत यायची आणि चौथ्यांदा ओढायची. गॅसचं बटण, पाण्याचा नळ, बसचं तिकीट, सगळ्याची हीच गत. घरातून कोणी बाहेर निघालं की हिचं "नको जाऊस" ठरलेलं. उन्हात नको, एकट्याने नको, आज नको, उद्या जा. रोज मरे त्याला कोण रडे, तसं तिच्या 'नको'कडे घरात कोणी लक्ष देईनासं झालं होतं.

म्हणूनच पंधरा वर्षांपूर्वी, लढाई संपून महिनाही झाला नव्हता तेव्हा, दादा घरामागच्या शेतात पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायला निघाला आणि भागूबाई म्हणाली, "दादा, नको जाऊस," तेव्हा त्याने मागे न बघताच हात हलवला. ती मागच्या दारात उभी होती. स्फोटाचा आवाज आपल्याला आठवतच नाही, असं ती सांगते. आठवते ती वर उडालेली माती, आणि मग उंबऱ्याजवळ येऊन पडलेली दादाची एक चप्पल. दादाचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. तो वाचला, शिवणकाम शिकला, लग्न केलं, पुन्हा थट्टामस्करी करायला लागला. भागूबाई मात्र अजून त्या दारातच उभी आहे, असं वहिनी म्हणायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

अशा बाईने नोकरी कुठे धरावी? तर सुरुंग काढण्याच्या सरकारी कार्यक्रमात, तपासनीस म्हणून. तिचं म्हणणं साधं होतं. सगळे शहाणे "झालं असेल नीट" म्हणून मोकळे होतात. कोणीतरी "झालं नसलं तर?" म्हणणारं हवं. ते काम आपल्याशिवाय कोण करणार?

काम असं होतं. एखादं शेत मोकळं करायचं, तर पथक यंत्र घेऊन पट्ट्यापट्ट्याने पहिली फेरी मारायचं. यंत्र वाजलं की पालथं पडायचं, ब्रशने माती बाजूला करायची, सुरुंग काढायचा. मग पथकाला एक दिवस सुट्टी. त्या दिवशी भागूबाई स्वतःचं यंत्र घेऊन एकटी शेतात शिरायची आणि जागोजागी डमी पुरायची. डमी म्हणजे दारू नसलेले पत्र्याचे चपटे डबे. त्यानंतर पथकाची दुसरी फेरी. सगळे डमी सापडले तर ही फेरी कसून झाली असं धरायचं. म्हणजे पहिल्या फेरीत एखादा खरा सुरुंग सुटला असला, तरी तो आता सापडलाच असता. डमी किती पुरायचे ते तपासनिसाने दर वेळी वेगळं ठरवावं आणि कोणाला सांगू नये, असं नियमपुस्तकात लिहिलं होतं.

भागूबाईने कोणाला कधी सांगितलं नाही. पण डमींची जी पेटी तिला मिळाली होती तिला आठ खण होते. त्यातले पाच पुरले आणि तीन पेटीत ठेवले, तर कुठले पुरले आणि कुठले ठेवले यात घोळ होईल, एखादा जीपमध्ये घरंगळेल, एखादा शेतातच राहील आणि कोणा गरिबाच्या फाळाला लागून त्याच्या काळजाचं पाणी होईल, अशी तिला धास्ती. त्यापेक्षा आठही पुरायचे. पेटी रिकामी न्यायची आणि भरलेली आणायची. आठ खण भरलेले दिसले की तिचा जीव भांड्यात पडायचा. तीन वर्षांत एक्केचाळीस शेतं झाली. एक्केचाळीस वेळा पेटी भरून परत आली.

यंदा तीन वर्षांचा निधी संपत होता. पुढची तीन वर्षं सरकारने पैसा द्यावा का, हे तिच्या मूल्यमापन अहवालावर ठरणार होतं. एकाच निधीतून दोन कामं चालायची. एक सुरुंग काढण्याचं, आणि दुसरं सुरुंगात सापडलेल्यांच्या मदतीचं, म्हणजे पेन्शन, औषधं आणि कृत्रिम पायांचं केंद्र. अहवालाच्या नमुन्यात "प्रति पाय खर्च" असा रकाना होता, जणू पाय किलोवर मिळतात. भागूबाईला त्या रकान्याचा संताप यायचा, पण भरायची ती नीटच. तिच्या साहेबांना मात्र तिच्या दुसऱ्याच रकान्याचं कौतुक होतं: दुसऱ्या फेरीचं यश, शंभर टक्के.

"बाई, हा एक आकडा वर पाठवला की काम फत्ते," साहेब म्हणाले होते. "बेचाळिसावं शेत झालं की लगेच अहवाल द्या."

घरीही त्या अहवालाची वाट बघणं चालू होतं. दादाच्या कृत्रिम पायाची कड तडकली होती. रोज संध्याकाळी पाय काढला की गुडघ्याखाली लाल वळ आणि कधी रक्त. केंद्रातल्या माणसाने माप घेऊन ठेवलं होतं. नवा निधी आला की नवा पाय. दादा म्हणायचा, "माझा पाय सरकारदरबारी अडकलाय. सुटला की चालत येईल घरी."

बेचाळिसावं शेत एका कुंभारणीचं होतं. ओढ्याकाठची चिकणमातीची जमीन, तिच्या सासऱ्यापासूनची. पंधरा वर्षं तिने माती विकत आणून मडकी केली होती. पहिली फेरी संपत आली तशी भागूबाई पथकाच्या तळावर गेली, पण गेली एक दिवस आधी, कारण उद्याची बस चुकली तर, अशी तिला भीती. मुकादम आणि सगळे शेतावर होते. तंबूबाहेर एक नवी स्वयंपाकीण बटाटे सोलत बसली होती.

"कोण पाहिजे तुम्हाला?"

"मुकादम."

"ते उशिरा येतील. पण आता निवांतच आहेत सगळे. उद्या आठबाई येतील, मग दोन दिवसांत गाशा गुंडाळायचा."

"आठबाई कोण?"

"हापिसातल्या आहेत कोणी. मी नाही पाहिलं अजून. त्या येतात, आठ डबे पुरतात. हे लोक आठ काढतात की झाली सुट्टी. नवव्याला कोण वाकतंय एवढ्या उन्हात?"

स्वयंपाकीण हसली आणि पुढचा बटाटा घेतला. भागूबाई उभ्या जागी गार पडली. तिने पिशवीचे बंद दोन्ही हातांनी घट्ट धरले. कोणीच चोरून काही सांगितलं नव्हतं. पथकाने एक्केचाळीस वेळा मोजलं होतं, इतकंच. तिच्या भीतीने तिला जो आकडा शिकवला, तोच आकडा पथकानेही शिकून घेतला होता.

"मुकादमांना काही सांगू का?"

"नको. उद्या येते मी."

बसमध्ये ती स्वतःची समजूत घालत राहिली. बाई नवी आहे, ऐकीव बोलते. माणसं आळशी असतात, पण स्वतःच्या जिवाशी कोण खेळतं? पण खेळ त्यांच्या जिवाशी नव्हताच. दुसरी फेरी सोडली तर त्यांचं काय जात होतं? जाणार होतं ते नंतर नांगर धरणाऱ्याचं.

घरी येऊन तिने दादाकडे बटणांचे तीन चपटे पत्र्याचे डबे मागितले. दादा मशीनवर होता. पथकाच्या खुणेचे लाल बावटे शिवायचं काम त्याच्याकडेच असायचं.

"डबे कशाला गं?"

"कामाला."

"बटणं ओतून घे मग. आणि जेवून घे, तोंड बघ कसं झालंय."

दुसऱ्या दिवशी तिने शेतात आठ पुरले आणि पथक जिथे सगळ्यात शेवटी पोचतं त्या टोकाच्या पट्ट्यांत मातीने भरलेले दादाचे तीन. एकूण अकरा. नकाशावर अकरा फुल्या मारल्या आणि कागद ब्लाऊजमध्ये खोचला. एरवी ती फेरीतल्या पट्ट्यांवरून भीत भीत का होईना चालायची. त्या दिवशी एकेका पावलाला तिला घाम फुटला. बाहेर आल्यावर ती बराच वेळ बांधावर बसून राहिली.

दुसऱ्या फेरीला चार दिवस लागायला हवे होते. दुसऱ्याच दिवशी दुपारी तीनला आठवा डमी निघाला. तिसऱ्या दिवशी जेवणाआधी मुकादम पेटी घेऊन आला.

"घ्या बाई, तुमचे आठ. मोजून घ्या."

तिने मोजले. आठ खण भरले होते. आयुष्यात पहिल्यांदा ती भरलेली पेटी बघून तिचा जीव भांड्यात पडला नाही.

"फेरी पूर्ण झाली?"

"अगदी कोपरान्कोपरा."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. ती बोलली नाही. हे तिने पुढे कोणापासून लपवलं नाही, म्हणून इथेही लपवायला नको. बोललं की एक्केचाळीस शेतं संशयात जाणार. निधी थांबणार, केंद्र थांबणार, दादाचा पाय थांबणार. आणि जिने हे सगळं घडवलं ती आठबाई कोण, तर आपणच. ती घाबरली, तिने मान डोलावली आणि कागदावर सही केली.

शेत परत देण्याची एक रीत होती. कागदावर लोकांचा विश्वास नाही, पावलांवर आहे. म्हणून ज्याची सही, त्याने शेताच्या मालकाबरोबर एका पांढऱ्या खुंटीपासून दुसऱ्या खुंटीपर्यंत शेतातून चालायचं, यंत्र न घेता. भागूबाई एक्केचाळीस वेळा चालली होती. सतरावं शेत तर त्यांचंच होतं, घरामागचं. घरच्या माणसाने तपासू नये हा नियम, पण दुसरा तपासनीस नव्हता, म्हणून खास परवानगी आणली होती. दादा नव्या पायाने तिच्या शेजारून चालला होता आणि मधेच थांबून म्हणाला होता, "इथेच कुठेतरी माझा जुना पाय आहे. सापडला तर बघ." गेली दोन वर्षं वहिनी त्यात कांदे लावत होती.

शुक्रवारी सकाळी साहेब मुद्दाम आले. कुंभारीण सुनेला घेऊन आली होती. मातीसाठी दोन टोपल्या आणि एक कुदळ तिने बांधावर आणून ठेवली होती. तिने चपला काढल्या. तिचा हात भागूबाईच्या हाताला लागला तेव्हा खरखरीत आणि गरम होता.

"बाई, तुम्ही व्हा पुढं," कुंभारीण म्हणाली. "मी तुमच्या मागनं येते. तुम्ही जिथं पाय ठेवाल तिथंच ठेवते."

भागूबाईने पाय उचलला. तो पुढे पडेना. समोर सपाट, कोरडी, ऊन पडलेली जमीन होती आणि मागे ही बाई तिच्या पावलाची वाट बघत अनवाणी उभी होती.

"नको," भागूबाई म्हणाली.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"माझे तीन डबे अजून आत आहेत."

मुकादम पुढे आला. "बाई, आठ दिले, आठ मोजून घेतलेत तुम्ही. सही आहे तुमची."

"मी अकरा पुरले होते."

मुकादमाने मान खाली घातली आणि त्याच्यामागची माणसं एकमेकांची नजर टाळायला लागली. भागूबाईने नकाशा काढून दिला. दोन माणसं यंत्र घेऊन, चिलखत आणि मुखवटा चढवून आत गेली. पहिला डबा फुलीवर सापडला. दुसराही. तिसऱ्याच्या अलीकडे, चार हात अंतरावर, यंत्र वाजलं.

पुढचा माणूस पालथा पडला. ब्रशने माती सारली. मग त्याने एक हात वर केला आणि तो तसाच ठेवला. त्याचा अर्थ तिथे सगळ्यांना कळत होता. सगळे मागे सरले. तो दादाचा डबा नव्हता.

दुपारी लांबून तार ओढून त्यांनी तो उडवला. माती वर गेली. कुंभारीण कुदळीशेजारी बसली, चपला घालायची विसरली, आणि "मी तिथनंच सुरुवात करणार होते," एवढंच सुनेला दोनदा म्हणाली.

भागूबाईला मात्र ती माती दिसली आणि पुढचं काही दिसलं नाही. सतरावं शेत. तिने फोन लावला. घंटा वाजत राहिली. सहाव्या घंटेला दादाने उचलला.

"वहिनी कुठाय?"

"मागं. कांदे काढतेय. का गं?"

"तिला म्हणावं हलू नकोस."

"काय?"

"दादा, तिला म्हणावं आहेस तिथं उभी राहा. तू दारातच थांब. उंबरा ओलांडू नकोस."

"अगं, दोन वर्षं राबतेय ती तिथं..."

"दादा, इथे आत्ता एक निघाला. माझ्या हातून पास झालेल्या शेतात."

फोनमधून दादाची हाक आली, मोठी पण शांत. वहिनीचं काहीतरी लांबून, हसण्यासारखं. बहुधा 'तुमच्या बहिणीचं नेहमीचंच' असं. मग दादा असा ओरडला की भागूबाईने फोन कानापासून दूर धरला. त्यानंतर वहिनीचा आवाज आला नाही.

"उभी आहे," दादा म्हणाला.

"तिच्या पावलांचे ठसे दिसतायत का? मऊ माती असेल."

"दिसतायत."

"त्याच ठशांवर पाय ठेवून यायला सांग. टोपली टाकून दे म्हणावं. घाई नको."

अकरा मिनिटं लागली. भागूबाई बांधावर उकिडवी बसून फोन धरून होती आणि दादा एकेक पाऊल मोजून सांगत होता. मधेच तो थांबला.

"काय झालं?"

"काही नाही. रडतेय. येते आता."

शेवटी दाराची कडी वाजली आणि कोणीतरी खाली बसल्याचा आवाज आला. भागूबाईने फोन मांडीवर ठेवला आणि ती तोंडात पदराचा बोळा धरून रडली. साहेब शेजारी येऊन उभे राहिले. वाईट माणूस नव्हता.

"बाई, या एका शेतापुरतं लिहा," ते हळू म्हणाले. "फेरतपासणी केली, दोष दूर केला. बाकीची मग बघू गुपचूप. एक्केचाळीस म्हणालात तर वरचे पैसेच थांबवतील. पायांचं केंद्र बंद पडेल. तुमच्या भावाचंही..."

"माहीत आहे मला."

तिने तिथेच, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं. एक्केचाळीस शेतं आजपासून बंद करावीत आणि पुन्हा तपासावीत. 'कारण' या रकान्यात तिने मुकादमाच्या वर आपलं नाव घातलं: तपासनिसाने दर वेळी आठच डमी पुरले, त्यामुळे आठनंतर शोध थांबत गेला. शंभर टक्क्यांवर रेघ मारली. शेवटी, निधी थांबवला तर ही शेतं तशीच राहतील, म्हणून वाढवून द्यावा, असं लिहिलं. ते कोणी वाचेल का, याची तिला खात्री नव्हती. सही करताना अक्षर इतकं वाकडं आलं की तिने पुन्हा एकदा केली. साहेबांनी तो कागद घेतला, दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. जीप निघाली ती तशीच पहिल्या शेताकडे, लोकांना बाहेर काढायला.

ती घरी पोचली तेव्हा ऊन कलत होतं. घराच्या मागच्या दाराशी एक लाल बावटा लावला होता, दुसरा बांधाच्या टोकाला. दादा मशीनवर बसला होता. तडकलेला पाय काढून भिंतीला टेकवून ठेवला होता आणि डाव्या पायाने तो मशीन चालवत होता. पायाशी लाल कापडाचा ढीग होता.

"किती शेतं?" त्याने विचारलं.

"एक्केचाळीस."

"मग कापड कमी पडेल."

"दादा, पायाचं आता..."

"ऐकलं मी. साहेबांचा फोन येऊन गेला." त्याने धागा तोडला. "कडेला फडकं लावून चालवीन. पंधरा वर्षं चालवलंय, अजून चालेल."

त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. तोही घाबरला होता, हे भागूबाईला पहिल्यांदाच दिसलं. वहिनी चुलीपाशी बसली होती, पायांना अजून शेतातली माती तशीच. ती एकदम उठली आणि मागच्या दाराकडे निघाली.

"कुठं?" दादाने विचारलं.

"अहो, खुरपं राहिलं बांधालगत. चार पावलांवर तर आहे, दिसतंय इथनं."

भागूबाईच्या तोंडून ते सवयीने निघालंच. "नको जाऊस, वहिनी."

वहिनी उंबऱ्यावर थांबली आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं. दादाने मशीनचं चाक हाताने धरून थांबवलं.

"राहू दे ते खुरपं," तो म्हणाला. "भागूबाई नको म्हणतेय ना? मग नको."